म्यान म्हणजे कंबर

भाताच्या लावणीचे दिवस होते. तळेघर सोडून भीमाशंकरच्या दिशेने निघालो आणि पावसाने असं काही गाठलं की गाडी रस्त्याकडेला लावून एका वाडीतल्या पडवीचा आसरा घ्यावा लागला. घरातले म्हातारे बाबा खालच्या खाचरातून वर येत होते. डोक्यावर इरलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात कोयता. "या, बसा. ह्यो काय आता थांबायचा न्हाई," म्हणाले आणि बोलता बोलता कोयता धरलेला हात पाठीमागे गेला. लाकडावर लोखंड टेकल्याचा बारीक आवाज झाला. हात पुढे आला तो रिकामा. कोयता कमरेच्या मागे आकडीत जाऊन बसला होता आणि एवढ्या वेळात बाबांची नजर माझ्या तोंडावरून हलली नव्हती.

यात कोणाला काही विशेष वाटणार नाही. आहुप्यापासून कोंढवळपर्यंत रानात जाणाऱ्या गड्याच्या कमरेला कोयता दिसतोच. पण मी बघतच राहिलो. कामानिमित्त जपानात दीड वर्ष होतो तेव्हा आठवड्यातून दोन संध्याकाळी मी नेमकं हेच शिकायला जात असे आणि ते मला धड जमलं नव्हतं.

त्या विद्येचं नाव इआइदो. जपानी तलवार, म्हणजे कताना, म्यानातून उपसायची, वार करायचा आणि पुन्हा म्यान करायची. सोळाव्या शतकातल्या हायाशिझाकी जिन्सुके यांना या विद्येचे आद्य गुरू मानतात. उपसणं महिन्याभरात जमल्यासारखं वाटतं. माणूस रखडतो तो म्यान करण्यापाशी. त्याला तिकडे 'नोतो' म्हणतात.

कतानाचं म्यान डाव्या बाजूला कमरपट्ट्यात खोचलेलं असतं, पात्याची धार आकाशाकडे. डाव्या हाताने म्यानाचं तोंड धरायचं. या तोंडाला 'कोइगुची' म्हणतात, म्हणजे कोइ माशाचं तोंड, कारण ते भोक दिसतं तसंच. अंगठा आणि तर्जनी यांचं बेचकं तोंडाशी वाटाड्यासारखं ठेवायचं. मग उजव्या हाताने तलवारीची पाठ मुठीजवळ त्या बेचक्यावर टेकवायची आणि तलवार पुढे ओढत न्यायची. थंड पाठ कातडीवरून सरकत जाते. टोक आलं की ते आपोआप बेचक्यातून म्यानाच्या तोंडात पडतं. तिथून पुढे उजव्या हाताने तलवार ढकलायची नसते, डाव्या हाताने म्यानच तलवारीवर चढवत आणायचं असतं. आणि हे सगळं समोर बघत. पडलेला शत्रू उठेल या हिशेबाने नजर त्याच्यावर. मान जरा खाली झुकली की गुरुजींचा एकच शब्द: पुन्हा. शिकाऊ तलवारीचं पातं मिश्रधातूचं असतं, त्याला धार नसते, पण टोक ते टोकच. माझ्या डाव्या बेचक्यात अजून एक पांढरी रेघ आहे.

म्हणून बाबांना विचारलं, "न बघता कसा काय अडकवता?"

"बघायचं कसं? पाठीला काय डोळं असत्यात व्हय?"

"म्यान झकास आहे तुमचं," मी म्हणालो.

"म्यान तरवारीला आसतं सायेब. ही आकडी."

माणसाने मला दुरुस्त केलं, एवढ्यावर ही गोष्ट संपायला हवी होती. पण 'नोतो'ला मराठीत काय म्हणावं हा प्रश्न डोक्यात होताच, त्यात ही दुरुस्ती. घरी येऊन म्यान या शब्दाच्या मागे लागलो आणि पहिल्याच कोशात अडखळलो. फारसीत 'मियान' या शब्दाचा पहिला अर्थ तलवारीचं घर असा नाहीच. मियान म्हणजे मध्य. आणि दुसरा अर्थ, शरीराचा मध्य. कंबर.

बाबांचा कोयता जिथे जाऊन बसला होता, ती जागा.

दरम्यान, माजघर आणि मेणा

मियान हा शब्द मराठीला परका वाटतो तेवढा परका नाही. अवेस्तातल्या जुन्या इराणी भाषेत 'मैध्यान' असं त्याचं रूप आहे आणि आपला संस्कृत 'मध्य' त्याचा सख्खा भाऊ. संस्कृतातही मध्य म्हणजे कंबर. सडपातळ कमरेच्या नायिकेला कवी 'सुमध्यमा' म्हणत आले ते यामुळेच. मध्यापासून मराठीत 'माज' झाला. जुन्या मराठीत माज म्हणजे कंबर. (अंगात येतो तो माज वेगळा, त्याचं कूळ मदाकडे जातं.) घराच्या मधल्या खोलीला आपण अजून माजघर म्हणतो. म्हणजे माजघर आणि म्यान ही एकाच आजीची नातवंडं. एक थेट घरातच वाढलं, दुसरं इराणला जाऊन घोड्यावर बसून परत आलं.

परत येताना एकटं आलं नाही. 'दर' म्हणजे आत आणि 'मियान' म्हणजे मध्य, यांचा झाला 'दरम्यान'. मराठी वर्तमानपत्राचं पान या शब्दाशिवाय भरत नाही. पुण्यातल्या कोयता घेऊन फिरणाऱ्या टोळक्यांची बातमी वाचा, तिसऱ्या परिच्छेदाची सुरुवात 'दरम्यान' अशी असण्याची शक्यता दाट. कोयता आणि म्यान असे रोज एका बातमीत भेटतात आणि ओळख दाखवत नाहीत. 'मियाना' म्हणजे मध्यम आकाराची पालखी. तिचा मराठीत मेणा झाला. कोकणातून घाटावर मेण्यात बसून आलेल्या आजेसासूबाईंच्या गोष्टी सांगणाऱ्या घरांना, आपण फारसी कमरेचं नाव घेतोय, हे कशाला माहीत असणार?

इथवर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर: कमरेचा शब्द तलवारीच्या घराला चिकटला कसा?

नियामवाल्यांचा पक्ष

प्रतिपक्ष भक्कम आहे, त्यामुळे आधी त्याचंच ऐकू. फारसीत तलवारीच्या आवरणाला स्वतंत्र शब्द आहे, 'नियाम'. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही आपली म्हण फारसीतही आहे आणि तिथे शब्द नियामच आहे. आता नियाम आणि मियान शेजारी ठेवून बघा. फारसी लिपीत पहिला शब्द नून, ये, अलिफ, मीम असा लिहितात. दुसरा मीम, ये, अलिफ, नून. पहिलं आणि शेवटचं अक्षर जागा बदलतं, बस्स. नियामवाले म्हणतात, एवढं समोर दिसत असताना कमरेपर्यंत जायचं कशाला? हिंदुस्थानात आल्यावर लोकांच्या जिभेवर नियामचा मियान झाला आणि मियानचं म्यान.

अशी अदलाबदल होते हे नाकारता येणार नाही. व्याकरणकार तिला वर्णविपर्यय म्हणतात. आपल्याकडे खेड्यात नुकसानाचं 'नुसकान' होतं, मतलबाचा 'मतबल' होतो. लखनौचं 'नखलौ' झालं. वाराणसीचं बनारस होताना र आणि ण यांनी जागा बदलल्या. यातले नुकसान आणि मतलब तर फारसीच्या वाटेनेच आलेले. मग नियामनेच काय घोडं मारलं?

मी हा पक्ष बरेच दिवस मान्य करून बसलो होतो. दोन गोष्टींनी मन फिरवलं.

पहिली गोष्ट अशी की नुसकान आणि मतबल ही रूपं खेड्याच्या तोंडी राहिली. शिकलेल्या माणसाने ती कागदावर उतरवली नाहीत. दफ्तरात नुकसान ते नुकसानच. म्यानाचं मात्र दफ्तरातही म्यान, गावातही म्यान, आणि उत्तरेत मियान. नियाम म्हणणारा शुद्धवादी मराठीत एकही सापडत नाही. चुकीच्या रूपाने खऱ्या रूपाला इतकं पुरतं गिळून टाकलं असेल, तर त्या चुकीला आतून कोणाचा तरी पाठिंबा असला पाहिजे. १८८४ साली छापलेल्या प्लॅट्सच्या उर्दू कोशात मियान या एकाच नोंदीत मध्य, कंबर आणि तलवारीचं आवरण हे तिन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. शेजारी उगाच झालेले नसतात.

दुसरी गोष्ट शरीराची. अंगाच्या नावावरून वस्तूला नाव पडणं आणि उलटही, ही भाषेची जुनी खोड आहे. बाहू म्हणजे दंड, त्यावरून सदऱ्याची बाही. सदऱ्याला गळा असतो तोही आपल्याच गळ्यावरून. आणि 'कमर' या शब्दाचा प्रवास बघाल तर तो नेमका उलट्या दिशेचा आहे. अवेस्तात 'कमरा' म्हणजे कमरपट्टा. फारसीत येता येता पट्ट्याचं नाव पट्टा बांधायच्या जागेला मिळालं आणि कमर म्हणजे कंबर झाली. जिथे पट्टा कमर होऊ शकतो तिथे कंबर म्यान का होऊ नये? फारसीत 'मियान बस्तन', म्हणजे मियान बांधणं, याचा अर्थ कंबर कसून तयार होणं. शिपाई मियान बांधतो तेव्हा त्यात खंजीर येतोच. आज आपण 'खिशात किती आहेत' असं विचारतो आणि उत्तर पैशांचं अपेक्षित असतं. जागेचं नाव घेतलं की तिथली वस्तू आलीच.

माझा निवाडा म्हणून लिहितो: नियाम हा शब्द वाटेत भेटला असेल, त्याने हातही लावला असेल, पण मियानला म्यान केलं ते कमरेने. जीभ घसरली असेलच, तर ती घसरायला आधीच उतार होता.

हा शब्द डोंगरात कुठून चढला

याचं उत्तर मी जुन्नरकडे बोट दाखवून देतो. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्ता झुगारून निजामशाही मांडली ती जुन्नरात. अहमदनगर त्यानंतर वसलं. म्हणजे भीमाशंकरच्या खालचं हे गाव काही काळ एका फारसी दरबाराची राजधानी होतं. शिवाय जुन्नर कागदासाठी नावाजलेलं. जुन्नरी कागद दूरवर जात असे, आणि 'कागद' हा शब्दही फारसीच. दफ्तर, कागद आणि हत्यार एका बाजारात मिळत असताना म्यानाला डोंगर चढायला किती वेळ लागणार? उत्तरेत तोवर तो रुळलेलाच होता. साधूची जात विचारू नये, ज्ञान विचारावं. मोल करायचं तर तलवारीचं करावं, म्यान पडू द्यावं, अशा अर्थाचा कबीराच्या नावावरचा दोहा सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढे शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रघुनाथपंत हणमंते यांनी राजव्यवहारकोश तयार केला. त्याच्या दहा वर्गांत एक शस्त्रवर्ग आहे. पण म्यान काही मराठीतून गेलं नाही. आणि यात मला सापडलेली सगळ्यात गमतीची गाठ अशी की या ग्रंथाच्या नावातला 'कोश' हा शब्दच म्यानाचा संस्कृत प्रतिशब्द आहे. अमरकोशात कोश या शब्दाच्या अर्थांत कळी आहे, धनसंचय आहे आणि तलवारीचं आवरणही आहे. शब्द ज्यात सुरक्षित राहतात तो कोश, पैसा राहतो तो कोश, पातं राहतं तोही कोश. फारसी शब्दांना बाहेर काढायला निघालेलं पुस्तक स्वतः एक म्यान होतं.

मग कोश असताना म्यानाची गरज का पडली? कोश पंडिताचा होता, म्यान शिपायाचं. मोडी लिहिणाऱ्याच्या हाताला आणि घोड्यावरच्या माणसाच्या तोंडाला जे जवळचं, ते टिकलं. म्यानाच्या अवयवांची नावंही त्याच वाटेने आली. तोंडाशी बसवतात ती धातूची मोहनाळ, तळाशी बसवतात ती तहनाळ. मोह म्हणजे इथे मुख. जपान्यांनी ज्याला माशाचं तोंड म्हटलं, त्याला आपण नुसतंच तोंड म्हटलं. बनावटही भावंडांसारखी आहे. आपलं म्यान लाकडाच्या दोन फळ्यांचं, वरून कातडं किंवा मखमल. कतानाचं म्यान होओनोकी नावाच्या मऊ लाकडाच्या दोन फळ्यांचं, आणि त्या भाताच्या खळीने चिकटवलेल्या, म्हणजे आत घाण साचली की खळ सोडवून म्यान उघडता यावं. इंद्रायणी पिकवणाऱ्या मावळात बसून हे वाचताना भातखळीचा वास येतो.

उपसणे, खुपसणे आणि मधली रिकामी जागा

आता माझा लाडका मुद्दा. तलवार बाहेर काढायला मराठीजवळ स्वतःचं क्रियापद आहे: उपसणे. विहीर उपसतात, गाळ उपसतात, कष्ट उपसतात, तलवारही उपसतात. आत घालायला मात्र स्वतःचं क्रियापद नाही. 'म्यान करणे' म्हणजे उसना शब्द आणि त्याला करणेचं ठिगळ. उपसणेला यमकाने जुळणारा देशी जोडीदार आहे तो खुपसणे, आणि तलवार खुपसतात ती दुसऱ्याच्या पोटात. उपसणे आणि खुपसणे यांच्यामध्ये जी तिसरी क्रिया हवी, काम झाल्यावर हत्यार निमूट जागेवर नेण्याची, तिच्यासाठी आपण फारसीकडे हात पसरला.

हा टोमणा मी मित्रांत बरेच दिवस वापरला. मग आकडी आठवली आणि मला माझेच शब्द गिळावे लागले. मराठीजवळ तिसरं क्रियापद आहे, ते तलवारीच्या वाट्याला आलं नाही एवढंच: खोचणे. पदर खोचतात, कासोटा खोचतात, विळा कमरेला खोचतात. खोचायची जागा बहुतेक वेळा एकच, कंबर. म्हणजे इराणी शिपायाने मियानात जे केलं तेच आपल्या शेतकऱ्याने माजेला केलं. म्यान हा शब्द आला तेव्हा त्याची जागा इथे आधीपासून तयार होती.

जपानी भाषेने मात्र म्यानाला घरात घेतलं. दुरावलेलं जोडपं पुन्हा नांदायला लागलं तर ते 'मूळच्या म्यानात परतलं' असं तिथे म्हणतात. दोघांचं पटत नसेल तर 'बाक जुळत नाही' म्हणतात. पात्याचा बाक आणि म्यानाचा बाक वेगळा असेल तर तलवार आत जात नाही. आपल्या म्हणीत म्यान येतं ते दोन तलवारींना नकार देण्यासाठी. तिकडच्या मियामोतो मुसाशी या तलवारबाजाची एक दंतकथा सांगतात. १६१२ मध्ये एका बेटावर सासाकी कोजिरोशी द्वंद्व ठरलं. मुसाशी उशिरा आला. संतापलेल्या कोजिरोने तलवार उपसून म्यान समुद्राच्या पाण्यात भिरकावलं. मुसाशी म्हणाला, तू हरलास. जिंकणारा म्यान कशाला टाकेल? कबीराच्या दोह्याला जपानी किनाऱ्यावरून दिलेलं हे उत्तर वाटतं.

कानडी पातं, संस्कृत खुंटी

म्यान फारसी. कोयता कुठला? संस्कृतात कापण्याच्या धातूवरून 'कर्तरी' आहे, पण तिची मराठीत कातर झाली; तिच्यातून कोयता निघत नाही. उत्तर दक्षिणेला आहे. कानडीत 'कोय्यु' म्हणजे कापणं, पीक काढणं. तमिळमध्येही 'कोय्' म्हणजे खुडणं, कापणं. द्राविडी मूळ आहे आणि ते शेतीचं आहे. कोयता जन्माने हत्यार नाही, कापणीचं अवजार आहे. बातम्यांनी त्याला अलीकडे बदनाम केलं.

आकडी संस्कृत कुळातली. 'अंक' म्हणजे वाक, वळण, आकडा. वळणदार खुणा त्या अंक, त्यामुळे गणितातला आकडा आणि खुंटीचा आकडा हे एकच. बाबांच्या कमरेची आकडी म्हणजे तळहाताएवढा लाकडाचा तुकडा होता, एका अंगाला वळवून कोरलेला, हाताळून तुळतुळीत झालेला, दोरीने माकडहाडाच्या जरा वर बांधलेला. कोयत्याचं पातं त्याच्या खाचेत शिरतं आणि मूठ उजव्या हाताला सापडेल अशी वर राहते. पाठीमागेच का? हिरडा काढायला झाडावर चढायचं तर दोन्ही हात मोकळे हवेत आणि पोट खोडाला घासतं. राबासाठी फांद्या तोडताना, कारवीतून वाट काढताना, ओझं डोक्यावर घेऊन उतरताना पुढे लोंबणारं पातं मांडीला लागणार. पाठ हीच सुरक्षित जागा.

कानडी मुळाचं पातं, संस्कृत मुळाची आकडी, फारसीत जिला मियान म्हणतात अशी कंबर, आणि हे सगळं अंगावर वागवणारा महादेव कोळी जमातीतला माणूस. भाषाशास्त्राचा एवढा मोठा धडा मला एका पडवीत फुकट मिळाला.

१८७६ आणि १८७८

मग या डोंगरातून तलवार गेली कुठे? गेली ती कायद्याने. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होनाजी केंगले १८७३ च्या सुमारास सावकारांविरुद्ध उठला. त्याच्या माणसांनी सावकारांची नाकं कापली. १८७६ मध्ये तो पकडला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये जपानच्या मेइजी सरकारने फर्मान काढलं: यापुढे लष्कर, पोलीस वगैरे सोडून कोणीही चारचौघांत तलवार बाळगायची नाही. सामुराईच्या कमरेवरून कताना उतरली. दोन वर्षांनी, १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या काळात इंग्रजांनी हिंदुस्थानात शस्त्र कायदा आणला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा झाला. दोन देशांतल्या कमरा दोन वर्षांच्या अंतराने मोकळ्या झाल्या.

पुढे वाटा फुटल्या. जपानात तलवार लढाईतून गेली तरी तिला उपसण्या-म्यान करण्याच्या रीती घराण्याघराण्यांनी जपल्या. अखिल जपान केंदो संघाने १९६९ मध्ये त्यातून सात प्रकार निवडून सगळ्यांसाठी एक पाठ ठरवला. आता ते बारा आहेत. प्रत्येकाच्या शेवटी नोतो आहेच. आपल्याकडे तलवार देवघरात, दसऱ्याच्या पूजेत आणि लग्नातल्या नवरदेवाच्या हाती राहिली. हल्ली म्यान करतं ते राजकारणच. निवडणूक संपली की सगळे पक्ष तलवारी म्यान करतात आणि त्यातल्या एकाच्याही कमरेला म्यान नसतं.

कोयता मात्र राहिला. १९५९ चा आजचा शस्त्र कायदाही निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंना शस्त्र म्हणत नाही. म्हणून कमरेला धार वागवायची आणि ती न बघता जागेवर न्यायची रीत या डोंगरात खंड न पडता चालू राहिली. जपानने कृती जपली, आपण शब्द जपला, आणि दोन्हींचा मूळ पत्ता, म्हणजे कंबर, भीमाशंकरच्या रानात कामाला जात राहिली.

पुन्हा पडवीत

पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता तेव्हा बाबांना म्हणालो, मला बांधून द्या. त्यांनी हसत दोरी सोडली आणि आकडी माझ्या कमरेला आवळली. कोयता हातात दिला. मी जपानी ऐटीत समोर बघत हात मागे नेला आणि मूठ कुल्ल्यावर आपटली. दुसऱ्यांदा पातं दोरीला लागलं. पडवीतली पोरं खिदळायला लागली.

बाबा उठले. माझा डावा हात धरून त्यांनी मागे नेला आणि आकडीवर ठेवला. "ह्या हातानं आधी ती धरा. ती सांगती कुठं यायचं. कोयता काय आपसूक जातो."

अंगठा आणि तर्जनी आकडीच्या दोन अंगांना. मधे बेचकं. त्याच पांढऱ्या रेघेच्या जागी लाकूड लागलं आणि मला नागोयातल्या, इआइदो शिकायच्या हॉलची लाकडी जमीन आठवली. गुरुजी दीड वर्ष हेच सांगत होते: तलवारीकडे लक्ष देऊ नका, म्यान धरलेला हात शिकवा. बाबा स्वतः हे पाऊल केव्हाच विसरून गेले असावेत. त्यांची पाठच आता डाव्या हाताचं काम करते. नवशिक्याला मात्र तिथूनच सुरुवात करावी लागते, जपानात आणि तळेघरच्या पुढेही. चौथ्या खेपेला तो बारीक आवाज झाला.

'नोतो'साठी मी आता 'म्यान करणे' वापरत नाही. माझ्या वहीत 'खोचणं' असं लिहिलंय.

वाचकांना एक विनंती. भीमाशंकरला जाल तेव्हा देवळातली घंटा बघा, शेकरू दिसलं तर नशीब समजा. पण वाटेत रानातून येणाऱ्या एखाद्या गड्याच्या कमरेकडेही बघा. त्या लाकडाच्या तुकड्याला तो काय म्हणतो ते विचारा. तुमच्या गावाकडे त्याला आकडीखेरीज दुसरं नाव असेल, तर ते तारखेसह आणि गावाच्या नावासह लिहून ठेवा. कोयते घडवणारे अजून आहेत. आकडी कोरणारे हात वाडीवाडीत कमी होत चाललेत, आणि त्या हातांबरोबर नावही जाईल.